वैभवच्या जागी बदली

॥ श्री ॥

परळ, मुंबई
दि. १ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
सुचित्राचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. डोळ्यांत थेंब वेळेवर घालता असं लिहिलंय, पण अक्षराची तिरपी चाल बघता एखाददुसरा दिवस बुडवत असणार. आमच्याकडे सगळे बरे आहेत. मनूने चाचणीत गणितात दिवे लावलेत, ते वेगळं लिहीन.

आज पत्र लिहायचं कारण वैभव. गणपतीला गावी येणार नाही म्हणतो. हे त्यानेच तुम्हाला कळवावं म्हणून मी आठ दिवस वाट पाहिली. तो कळवेलसं दिसत नाही, तेव्हा चहाडी मीच करते.

कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. त्याचा तो कॉम्प्युटरवरचा खेळ आहे ना, तो. दहा ठिकाणची दहा माणसं आपापल्या घरात कानाला हेडफोन लावून बसतात आणि सगळे मिळून एक किल्ला लढवतात. रोज संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ. येत्या २९, ३० आणि ३१ तारखेला म्हणे मोठी लढाई आहे आणि तिची तयारी जूनपासून चाललीय. एक माणूस कमी असला तर बाकीच्या नऊ जणांनाही आत घेत नाहीत. म्हणून चौतीस वर्षांचा हा घोडा घरच्या गणपतीला येऊ शकत नाही.

मनूच्या वाढदिवसाला आला तोही सव्वासातला उठून गेला. केक कापायचा होता. पोरगी सुरी हातात धरून मामा कुठे गेला विचारत होती. लग्नाचा विषय काढला की हसतो. मी चिडून म्हटलं की त्या नऊ जणांपैकीच एखादीशी कर, तर म्हणाला की त्यांतल्या चार जणींची लग्नं झालीत आणि एक आजी आहे.

रागवायचं तर त्याच्यावर रागवा, माझ्या वाटणीची माया तेवढी कापू नका.

तुमची
सुचित्रा


॥ श्री ॥

मु. वायंगणी
दि. ५ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सुचित्रा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून ठेवला, कारण रागाने अक्षरं दिसेनात.

गेल्या वर्षी चित्रशाळेतून मूर्ती आणताना व्हाळाच्या पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर माझा पाय लटपटला, हे मी तुम्हाला कळवलं नव्हतं. भिवाने मागून धरलं म्हणून गणपती वाचला आणि मीही. माझं आता सत्त्याहत्तरावं चालू आहे. यंदा वैभव येत नसेल तर गणपतीचा पाट मी भिवाच्या घरी देऊन टाकतो, पुढे गणपती तिथेच बसेल. चुलतभाऊ असला तरी रक्ताचाच आहे. मात्र एकदा दिलेला पाट परत मागत नाहीत, एवढं त्याला सांग. तुझ्या आईने हा गणपती एकोणपन्नास वर्षं सांभाळला.

हे लिहून चहा प्यायलो आणि मग विचार करत बसलो. त्या खेळात पाळी ठरलेली, माणसं ठरलेली, एक नसला तर काम बंद. म्हणजे आपली गिरणीच झाली की. तिथला जॉबर कोण, मुकादमी कोण करतो? हजेरी कोण घेतो? आणि पगार किती? माझ्या अंदाजाने पगार नसणार, उलट हाच पैसे भरत असणार. पगार नाही आणि खाडाही चालत नाही, अशी गिरणी मी उभ्या जन्मात पाहिली नाही.

पण मी फार बोलू नये. तू जन्मलीस तेव्हा मी डिलाईल रोडला होतो. तार आली, रजा मिळाली, पण माझे कापडाचे साचे चालवायला बदली कामगार मिळेना. जॉबर म्हणाला, बदली आण आणि जा. मी कोणाच्या पाया पडलो नाही. गुर्मी होती, साचे माझ्यावाचून चालणार नाहीत अशी. तुझं तोंड पाहिलं तेव्हा तू तीन महिन्यांची होतीस आणि मला बघून रडलीस. तुझ्या आईने तो खाडा मला शेवटपर्यंत माफ केला नाही, आणि बरोबर केलं.

तेव्हा त्याला एवढंच विचार, बदली शोधलास का? मिळत नसेल तर तू बस. हसू नको. साचे चालवायला मी मामेभावाला पंधरा दिवसांत शिकवलं होतं, आणि तू त्याच्याहून हुशार आहेस.

थेंब चुकवत नाही. अक्षर तिरपं आहे कारण पाट मोडका आहे, लिहायचा, गणपतीचा नव्हे.

तुझ्या घरी सर्वांस आशीर्वाद,
बाबा


डिलाईल रोड
दि. १४ ऑगस्ट २०२५

ती. बाबा,
सा. न.

ताईने तुमचं पत्र माझ्या कीबोर्डवर आपटलं. बारावीनंतर पहिल्यांदाच एवढं पेनाने लिहितोय. हात दुखतोय, चुका समजून घ्या.

आमची जॉबर म्हणजे संघमित्रा. भुसावळला शाळेत शिकवते, हजेरीही तीच घेते. बदली चालेल का असं तिला विचारलं, तर ती म्हणाली की तीन वर्षांत हे कोणी विचारलंच नाही. बदलीने पंधरा दिवस सराव करायचा या अटीवर सगळे हो म्हणाले. ताई सोमवारपासून रोज येतेय. पहिल्या दिवशी खेळात ती दोन तास किल्ल्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि लढाई कधी सुरू होणार विचारत होती. आता बरं जमतं. शिव्या मात्र माझ्यापेक्षा चांगल्या देते.

पाट कोणाला देऊ नका. मी २६ ला सकाळी एसटीने पोचतो, मूर्ती मी आणतो.

एक सांगायचं होतं. ताईला वाटतं मला खेळाचं व्यसन लागलंय. थोडं लागलंय, खोटं कशाला बोलू. मनूच्या वाढदिवसाला उठलो ते चुकलंच. पण बाबा, ऑफिसात माझ्याशी कामाशिवाय कोणी बोलत नाही, आणि आई इथे येऊन राहायची, ती गेल्यापासून या खोलीत आल्यावर दिवा मीच लावतो. साडेसातला दहा जणांत कोणी जेवलास का विचारतं. म्हणून मी साडेसात चुकवत नाही.

रागाचा उरलेला भाग समोर बसून ऐकेन.

तुमचा
वैभव


॥ श्री ॥

परळ
दि. ३० ऑगस्ट २०२५, सकाळ

ती. बाबांस,
सुचित्राचा सा. न. वि. वि.

आमच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन परवा नीट झालं. वैभवने मूर्ती डोक्यावरून आणल्याचं कळलं. देवाने ऐकलं.

काल पहिली लढाई झाली. सातलाच वैभवच्या खोलीवर गेले, कुकर भरून ठेवला आणि हेडफोन घालून बसले. शेजारच्या कमळाबाई दारातून डोकावून गेल्या. सुचित्राला काय झालं, हे त्या आता मजलाभर विचारत असतील. आम्ही जिंकलो. मी दोनदा मेले, पण चालतं म्हणे.

लढाई संपल्यावर मी कुकरखाली गॅस पेटवला आणि सगळ्यांच्या गप्पांत येऊन बसले. शीव कोळीवाड्याचा एक हितेंद्र आहे. त्याने सहज विचारलं की वैभवची तब्येत आता पूर्ण बरी आहे ना. मी म्हटलं, त्याला काय झालं होतं? बाबा, जूनमध्ये त्याला टायफॉइड झाला होता. एका संध्याकाळी तो खेळायला आला नाही, फोन उचलेना, तर संघमित्राने भुसावळहून हितेंद्रला पाठवलं. त्याने वैभवला डॉक्टरकडे नेलं, नऊ दिवस घरून पेज आणून दिली. मी परळला, चालत वीस मिनिटांवर, आणि मला पत्ता नाही. त्या दिवसांत मी त्याला दोन मेसेज पाठवले होते, दोन्ही टोमण्याचे. त्याने दोन्हींना हसरं तोंड पाठवलं होतं.

काल कुकरच्या तीन शिट्या झाल्या तरी मी उठले नाही. मला रडू आलं आणि हेडफोन लावलेला असल्यामुळे ते नऊही जणांनी ऐकलं. मग त्यांच्यातल्या आजी म्हणाल्या की आधी गॅस बंद करून ये.

तुम्ही गिरणीत असताना शेजारच्या साच्यावरचा माणूस आला नाही तर सुटल्यावर त्याच्या खोलीवर जायचात, असं आई सांगायची. ते आठवलं.

त्याला ओरडू नका. मला ओरडायचं असेल तर लिहा, वाचीन.

तुमची
सुचित्रा


॥ श्री ॥

मु. वायंगणी
दि. १ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सुचित्रा हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र वैभवबरोबर देतो. मधे तू पत्र टाकलं असशील तर ते अजून पोचलं नाही. काल गणपती गेले. पाट धुऊन आपल्याच माळ्यावर ठेवला आहे.

शनिवारी काय घडलं ते तुला तिकडून दिसलं, इकडचं मी सांगतो. सात वाजल्यापासून पोरगा अंगणात येरझाऱ्या घालू लागला. मीच खुणेने म्हटलं, चल. आपल्याकडे रेंज नाही, म्हणून भिवाच्या पडवीत गेलो. वैभवने फोन माझ्यासमोर धरला आणि दाखवलं की लढाईच्या बाजूला लिहायची जागा असते, तिथे सगळे लिहितात. तुझं नाव दिसलं. मी म्हटलं, मलाही लिहू दे. त्याने बोट धरून शिकवलं, मी जसं त्याला पाटीवर शिकवलं होतं तसं.

मी नाव लिहिलं आणि कोण कोण आहे विचारलं. तर एकाखाली एक सगळ्यांचे नमस्कार यायला लागले. तू लिहिलंस, बाबा थेंब घातले का. पत्रासारखं चार दिवसांनी नाही, तिथल्या तिथे. मला वायंगणी लिहायचं होतं आणि ण सापडेना. पोरी, तो ण शोधेपर्यंत तुम्ही दहाही जण थांबलात आणि तेवढ्यात किल्ला पडला. माझ्यामुळे हरलात. तरी त्या संघमित्राने लिहिलं की किल्ला उद्या परत मिळेल, आधी गावाचं नाव पूर्ण होऊ दे.

साच्यांच्या आवाजाने कान गेले त्याला तीस वर्षं झाली. एकट्या माणसाचं बोलणं ओठांवरून थोडं कळतं. चार माणसं जमली की संपलं. ती हसतात, मी विचारतो काय झालं, आणि सगळे म्हणतात, काही नाही, असंच. तुम्हीही म्हणता, तुझी आईही म्हणायची. तिचा दोष नव्हता, किती वेळा ओरडून सांगणार. भजनात मी झांज वाजवतो ती शेजारच्याचे हात बघून. शनिवारी हितेंद्रने कोळंबीचा काहीतरी विनोद केला, सगळे हसले, आणि मी त्यांच्याबरोबर हसलो. मागून नाही. भिवा बघत राहिला.

वैभवने दोन वर्षांपूर्वी दिलेला फोन टॉवेलात गुंडाळून कपाटात होता, तो बाहेर काढला आहे. भिवा म्हणतो, रोज संध्याकाळी पडवीत येऊन बस.

त्या बाईंना माझा निरोप सांग. तुमच्याकडे दहा माणसांची पाळी आहे आणि प्रत्येकाच्या घरी वाढदिवस, बारसं, आजारपण असणारच. बदलीवाचून गिरणी चालवू नये. मनूच्या पुढच्या वाढदिवसाला वैभव केक संपेपर्यंत बसेल, त्याच्या जागी माझं नाव घाला. हात सावकाश चालतो, ऐकू काही येत नाही, पण खाडा होणार नाही.

तुझ्यावर आणि त्या नऊ जणांवर आशीर्वाद,
बाबा

ता. क. ण सापडला. वरच्या ओळीत होता.