हिरवा सोफा

माझ्या हट्टी डेन्झिल,

तू जाऊन तीन वर्षं झाली आणि आत्ता कुठे बँकेने तुझी माफी मागितली. गाडीसाठी कर्ज काढलंस, तेव्हा 'नोकरी गेली तर हप्ते आम्ही भरू' म्हणत त्यांनी तुझ्या गळ्यात विमा मारला होता. तू तर मासळीतल्या वाट्यावर बोटीवर जाणारा. तुला नोकरी होती कुठे? ते पैसे व्याजासकट परत आले, आठ हजार पौंड.

पण शिल्लक सहा हजारांवर गेली की सरकार माझ्या भाड्याची मदत कापतं. तुझी मॉर्वेना म्हणाली, "अगं वहिनी, माझ्या खात्यात टाक. कोण बघायला येतंय?" मी मात्र कचेरीत जाऊन सगळं सांगून टाकलं. तिथली मुलगी म्हणाली, "बरं केलंत. नणंदेला दिले असते तरी आम्ही ते तुमचेच धरले असते. घराला खरंच लागेल ते खुशाल घ्या."

दोन महिने मदत थोडी कमी आली. तेवढ्यात तुझ्या थडग्यावर दगड बसवला आणि आपला मोडका सोफा बदलला. शिल्लक सहा हजारांखाली आली, आता भाडं पूर्वीसारखं भागतं.

नवा सोफा हिरवा आहे. हिरवं आणलं की बोट बुडते म्हणून तू जन्मभर घरात हिरवा टॉवेलसुद्धा येऊ दिला नाहीस. आता मी त्यावर पाय पसरून चहा पिते आणि मजेत असते.

राग आला असेल तर ये भांडायला. सोफा दोघांचा आहे.

तुझीच,
लव्हडे