येसराच्या मिसळणाला वारस

लिहून ठेवणार मी, पद्माबाई भिवाजी पाईकराव, वय चौऱ्याहत्तर, धंदा आमटीचा येसर आणि काळा मसाला करून विकणे, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. डोकं ठिकाणावर आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसरा बरा आहे. कोणी धाक घातला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलं नाही. तसे आले होते, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. शाळा चौथीपर्यंत, म्हणून चुका असतील, पण अक्षर माझं आहे. माझ्या नावानं टाईप केलेला कागद कोणी दाखवला तर तो खोटा समजावा.

१. राहतं घर, मागचं पत्र्याचं शेड सोडून, माझा मुलगा भीमराज याला. सूनबाईचंही नाव लावावं. भीमराज भोळा आहे, कोणाच्याही कागदावर सही करून येतो.

२. माझी पितळी चाळणी शेजारच्या जनकाबाईकडे अकरा वर्षांपासून आहे. "उद्या आणून देते" म्हणते. ती परत आणावी. जनकाबाई या कागदाची साक्षीदार आहे, तेव्हा मला माहीत नव्हतं असं तिनं म्हणू नये.

३. नातू प्रज्ञेश पुण्यात मॅनेजमेंट शिकून आला. माझ्याकडे पोरी टिकत नाहीत हे खरं. दहा वर्षांत चौदा आल्या, तेरा गेल्या. प्रज्ञेश म्हणाला, "आजी, पोरींचा उत्साह वाढवावा लागतो." मग त्यानं भिंतीवर महिन्यातल्या उत्तम कामगाराचा फोटो लावला, वाढदिवसाला केक आणला. मला तेव्हाच शंका आली. जिचा फोटो लागला तिच्याशी बाकीच्या बोलेनात, पुढच्या महिन्यात ती गेली. केक कापायची सुरी तेवढी चांगली निघाली. ती सुरी आणि माझा मोबाईल प्रज्ञेशला. लेकरू मनाचं चांगलं आहे. दुकानदारांशी बोलणं त्यानं पाहावं, भट्टीपाशी येऊ नये.

४. कांडपाचं मशीन, तीन कढया, पत्र्याचं शेड आणि पुडीवरचं 'पद्माबाई' हे नाव, एवढं सगळं पल्लवी खंदारे हिला. तिचं लग्न झालं तरी तिच्याच नावावर राहावं. नवऱ्याला हात लावायचाच असेल तर मिरच्या खुडाव्यात.

पल्लवी म्हणजे त्या चौदांतली उरलेली एकटी. सहा वर्षं टिकली, म्हणून माझा सगळ्यात जास्त संशय तिच्यावरच. इतकी टिकते काहून? माझ्याकडे रीत अशी की पोरींनी मिरच्या खुडायच्या, धने-डाळी भाजायच्या, कांडायचं. शेवटचं मिसळण मी साडीचा पडदा बांधून एकटी करते. प्रमाण कोणाला सांगितलं नाही, लिहिलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही. ते बिचारे विचारायचेही नाहीत.

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर तिखटाजवळ जायचं नाही. मी मिसळून ठेवलेला माल दहा दिवसांत संपला, आणि मला कोणी सांगितलं नाही. महिन्यानं मी शेडात परत गेले तर पुड्या जाऊनच राहिल्या होत्या, दुकानदारांची एक तक्रार नाही. पल्लवीनं नुसत्या वासावर मिसळण जुळवलं होतं. मी म्हटलं, हिनं पडद्याला भोक पाडलं असणार. साडी उन्हात धरून पाहिली, भोक नव्हतं. मग तिला पडद्याआड पाठवलं, मी बाहेर बसले. तिनं आणलेलं बोटावर घेऊन चाखलं. धने माझ्यापेक्षा जरा जास्त भाजलेले, आणि चव माझ्यापेक्षा चांगली. नातू झाला तेव्हा झाला होता तसा आनंद झाला. पण बोलले नाही, पोरगी शेफारेल म्हणून. उलट त्या दिवसापासून संध्याकाळी तिचा जेवणाचा डबा उघडून पाहू लागले, नमुना बाहेर जातो की काय म्हणून.

गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "आजी, नांदेडला मसाल्याच्या कारखान्यात बोलावून राहिले. सोमवारपर्यंत सांगायचं हाय."

"काहून? तिकडं काय सोनं हाय?"

"तिकडं डबा तपासत न्हाईत. मसाला माह्याच हातचा, मंग मी चोरी कोणाची करू?"

दुसऱ्या दिवशी मी मृत्युपत्राचं विचारायला वकीलसाहेबांकडे गेले.

५. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. म्हणजे तोवर पोरीनं माझ्या मरणाची वाट पाहायची, आणि वाट पाहणाऱ्याच्या हातचा चहा मी काही पिणार नाही. म्हणून कायद्यात बसो न बसो, इथं लिहिते: उद्या सोमवारपासून मिसळण पल्लवीचं. पडदा काढला. डबा कोणाचाच उघडायचा नाही. नवी पोरगी आली तर पहिल्याच दिवशी तिला चाखायला बसवावं, काय चुकलं ते तिलाच विचारावं. मी हे मोडलं तर भीमराजनं हा कागद माझ्यासमोर मोठ्यानं वाचावा.

आज सकाळी चौथं आणि पाचवं ही दोन्ही कलमं पल्लवीला वाचून दाखवली.

"आजी, मला थांबवाया लिहिलं का हे?"

"व्हय. आन् खरंबी हाय."

ती अंगणात गेली. फोन कानाला लावला आणि म्हणाली, "न्हाई सर, मी येत न्हाई." पलीकडचा आवाज मला काही ऐकू आला नाही. फोन खरंच लागला होता, की माझ्याकडून आणखी काही काढायला नुसता कानाला धरला होता, कोण जाणे. नंतर ती भट्टी पेटवायला गेली तेव्हा फोन ओट्यावरच होता. कोणाला लावला ते कसं पाहायचं, हे प्रज्ञेशनं मला शिकवलंय.

मी पाहिलं नाही.

वरचं सगळं साक्षीदारांसमोर वाचून, त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनीही माझ्या डोळ्यांदेखत केली.

सही: पद्माबाई भिवाजी पाईकराव

साक्षीदार:
१. जनकाबाई, शेजारीण (सही)
२. सोमेश्वर, शिलाईचं दुकान (सही)

ठिकाण: आखाडा बाळापूर
तारीख: २७ एप्रिल २०२५, रविवार