गाडीवाचून पडवी

तीर्थस्वरूप अक्का यांना पडवीत बसून केलेला नमस्कार पोचावा. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात असं कळलं, बरं वाटलं. माझीही तब्येत उत्तम. भूक लागते, झोप तर दुपारीसुद्धा लागते (तक्रारीचं मूळ तिथेच आहे, पण ते ओघाने येईल). तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझी बायको, मंगळवारपासून आमच्या गाडीसकट तुमच्याकडे मुक्कामाला आहे आणि रविवारी तिथून एकटीच समुद्राकडे निघणार आहे, असं ती चिठ्ठीत लिहून गेलीय. तिची बाजू तुम्ही ऐकली असेलच. माझी जरा लांब आहे, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त झालो तेव्हा आम्ही एका लाँड्रीची जुनी व्हॅन घेतली आणि आत दोघांपुरतं अंथरूण, शेगडी नि कपाट बसवून घेतलं (ऊन तापलं की अजून आतून इस्त्रीचा वास येतो). गाडी चालवायला तिने शिकायचं आणि गाडीच्या अंगाला लावायची कापडी पडवी (दुकानदार तिला ऑनिंग म्हणतात) मी बघायची, अशी वाटणी झाली. ती तीन महिन्यांत शिकली. मला चौदा लागले. आता अक्का, जन्मभर वजनमापे खात्यात लोकांचे तराजू तपासलेला माणूस मी, कापड बघून 'बरंय, द्या बांधून' म्हणणं माझ्या हातून व्हायचं नाही. पहिली पडवी गुंडाळीची होती. दांडा फिरवला की झोकात बाहेर यायची आणि आपल्या मनाने आत जायची, एकदा माझी टोपी घेऊन गेली. दुसरी तिकोनी, तिच्या सावलीत दोघांपैकी एकाचे पाय कायम उन्हात (कुणाचे, यावरून दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं). शेवटी ताडपत्रीवाल्याने तिसरी दाखवली. ती स्वतःच्या खांबांवर उभी राहणारी, गाडीला नुसती पट्ट्यांनी जोडायची. गाडी कुठेही निघून जाऊ दे, ही जागची हलत नाही, असं तो अभिमानाने म्हणाला आणि मी तिथल्या तिथे पसंत केली.

मग तिला अंगासरशी करणं आलं. अंगणात चारच्या सुमाराला तिरपं ऊन येतं म्हणून त्या बाजूला झालर लावली, पन्हळीचा पाइप आड येतो म्हणून कोपऱ्यात खाच घेतली, शेजारच्या झाडाची सावली वाया जाऊ नये म्हणून वर जाळीची खिडकी ठेवली. ताडपत्रीवाला शिवता शिवता म्हणाला, साहेब, हा पाइप तुम्ही जाल तिथे असणार आहे का? मी त्याला मापाकडे लक्ष द्यायला सांगितलं.

पण अक्का, सावली काय झाली म्हणून सांगू. कापड दुधी रंगाचं. दुपारी उजेड त्यातून गाळून उतरतो, वारा आला की छत हळूच वर जातं, थांबतं, खाली येतं, आणि आपला श्वासही नकळत त्याच्या जोडीने चालायला लागतो. पानांच्या सावल्या पोटावरून फिरत असतात. खुर्चीतल्या खुर्चीत मी कितीतरी गावं बघून आलो. एकदा तर समुद्रही आला, अगदी पायांपर्यंत, मी चपला उचलून बाजूला ठेवल्या. मंगळवारी असाच बसलो असताना ती बाहेर येऊन म्हणाली, "सावली झाली की निघू, असं म्हणाला होतात. सावली झाली." मी डोळे न उघडता हो म्हटलं. पट्ट्या सुटल्याचा आवाज आला, मग इंजिनाचा. ती गाडी जरा पुढेमागे करतेय असं वाटून मी हाताने येऊ दे, येऊ दे असं दाखवतही होतो. डोळे उघडले तर समोर गाडीऐवजी भिंत.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की तिला चार शब्द सांगून परत पाठवा. इतकी नेमकी पडवी गाडीवाचून उभी आहे, हे बरं दिसत नाही. घरातल्यांना नमस्कार आणि आशीर्वाद, ज्याचे त्याने वयाप्रमाणे वाटून घ्यावेत.

आपला,
पडवीवाला (हे नाव तुमच्या बहिणीनेच ठेवलंय)

ता. क. परत पाठवू नका. ती आली तर मी पुन्हा खुर्चीत बसेन, मी मला ओळखतो. खरं सांगू का, मला भीती वाटत होती. घरात ती एका खोलीत, मी दुसऱ्या. एवढ्याशा गाडीत दिवसभर समोरासमोर बसून आम्ही बोलणार काय? एकतीस वर्षांत सगळं बोलून झालंय, असा माझा हिशेब होता. ती गेल्यापासून तिला सांगायच्या गोष्टी साठवतोय. आज सकाळी सतरा झाल्या, आणि पडवीबद्दलच्या त्यात दोनच आहेत.

ता. ता. क. पडवी ताडपत्रीवाल्याला देऊन आलो. त्याने खाचेसकट ठेवून घेतली, दुकानासमोर त्यालाही एक पाइप नडतो म्हणे.

आणखी एक. हे बसमध्ये लिहितोय, म्हणून अक्षर असं. पत्र पोस्टाने आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तुमच्या हातात देऊन मी फाटकाबाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहणार आहे. तिच्या शेजारची सीट रिकामी आहे का, एवढं तिला विचारून या. सावकाश विचारा. ऊन आहे, पण मी उभा आहे.