टाचेची रेघ

रविवार, २ मार्च

आज पुन्हा रेघ!

दुपारी कुंपणाच्या फटीतून पाहिलं. गुडघाभर गवत, आणि त्यात सरळ, ओली, ताजी उकरलेली रेघ. फाटकाला कुलूप आहे, साखळी गंजलीय. गावचा फुटबॉल क्लब, डनकॅरिग रोव्हर्स, लीगमधून गेला, मग बुडालाच. तेव्हापासून आत कुणी खेळलेलं नाही.

माझा नवरा मॅलकी आमचा गोली होता. सामन्याआधी हेच करायचा – गोलच्या बरोबर मध्यावर उभा राहून टाचेने पुढे रेघ ओढायचा, म्हणजे पुढे धावला तरी मागे न बघता कळावं, खांब कुठे आहेत. पंच ओरडायचे. हा कुणाचं ऐकतोय! तो गेला तेव्हा त्याची राख नदीकडच्या त्याच गोलसमोर पुरली. क्लबात तशी रीतच होती, निम्मं गाव त्या गवताखाली आहे.

पण रेघ गोलसमोर नाही. गोलच्या पार मागे, नदीकाठच्या झुडपांजवळ आहे. तिथे काय आहे? मला भीती वाटली. खोटं कशाला लिहू.

मंगळवार, ४ मार्च

ब्रोनाचा फोन. मैदान विकलं गेलं, सेंट पॅट्रिकच्या सणानंतर खणायला यंत्रं येणार, हे लेकीच्या कानावर गेलंच. "आई, अथलोनला ये आता. मागच्या अंगणाकडची खोली तुझ्यासाठी रंगवलीय. मोडक्या गोलपोस्टशी संसार करणार आहेस का?" जीभ बापावर गेलीय पोरीची. म्हटलं, त्याला घेतल्याशिवाय मी हलणार नाही.

"बाबांची माती झाली गं आता."

मग मातीच आणते, म्हटलं.

शुक्रवार, ७ मार्च

फिंटन आला. मैदानाची निगा जन्मभर त्यानेच राखली. कुंपणाची एक फळी काढली आणि मला आत जवळजवळ ढकललंच. "जपून, डिम्पना. पडलीस तर तुलाही इथेच पुरावं लागेल, आणि माझी पाठ धरलीय." गोलच्या मध्यासमोर खणून बादलीभर माती आणली.

स्वयंपाकघरात खिडकीखाली ठेवलीय. जेवताना तिच्याशी बोलून पाहिलं. काहीच वाटलं नाही. शेजारणीच्या कुंडीशी बोलल्यासारखं.

रविवार, ९ मार्च

रेघ आहे. त्याच जागी, आणखी खोल.

मग बादलीत कोण आहे?

सोमवार, १० मार्च

फिंटनला चहाला बोलावलं, रेघेचं सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. त्याचा कप अर्ध्यावरच थांबला.

"अरे देवा. डिम्पना, पूर आला त्या वर्षी मैदान सरकवलं होतं आम्ही. नदीपासून लांब. खांब मीच उपटले, मीच पुढे रोवले. आणि मीच विसरलो!"

मॅलकी गेला त्यानंतरच्याच उन्हाळ्यातलं हे. मी तेव्हा ब्रोनाच्या बाळंतपणाला अथलोनला. परत आले तर गवत तसंच हिरवं, खांब तसेच पांढरे. इतकी वर्षं मी भलत्याच जागेकडे बघून त्याच्याशी बोलत होते. आणि तो बिचारा टाच ओढून ओढून सांगतोय, इथे आहे, इथे आहे. आता भीती नाही वाटत, लाज वाटते.

उद्या फिंटनला पाठीसाठी डॉक्टरकडे जायचंय. बुधवारी जाऊ.

बुधवार, १२ मार्च

यंत्र आजच आलं. सणानंतर म्हणाले होते!

आम्ही फावडं घेऊन पोहोचलो तर झुडपं नाहीत, काठ नाही, नुसता खड्डा. माती ट्रकमधून गेलीसुद्धा. कुठे, विचारलं. "आजी, माती ती. जिथे खड्डा असेल तिथे," ड्रायव्हर म्हणाला. पोरगा वाईट नव्हता. फिंटन तिथेच रडला. मी घरी आले, भांडी घासली, मग रडले.

ब्रोनाला कळवलं, मी येत नाही. त्याला कुठल्या तरी खड्ड्यात एकटं सोडून मी रंगवलेल्या खोलीत कशी झोपू? निदान या खिडकीतून त्याची जागा तरी दिसते.

रविवार, १६ मार्च

सकाळी ब्रोनाचा फोन. चिडलेली. मागच्या अंगणातलं गवत कुणीतरी उकरलंय, नवरा म्हणतोय शेजारच्या कुत्र्याचं काम. मी हं हं करत होते. मग ती फोन घेऊन अंगणात बघायला गेली.

"आई... सरळ रेघ आहे. तुझ्या खोलीच्या दारापासून. बरोबर मध्यापासून."

माळ्यावरून बॅग काढलीय.