चौदा नंबरची भाकरी

अक्का, आज सकाळी आपल्या केंद्रात भाकरीचा मऊपणा मोजायचं मशीन आलं. खोक्यातून बाहेर काढायलाच दोन तास गेले. भाकरीचा तुकडा दोन चिमट्यांत धरायचा, मग मशीन तो ओढतं आणि किती जोर लागल्यावर तुटला त्याचा आकडा पडद्यावर येतो. तुम्ही असतात तर पदर तोंडाला लावून हसला असतात. नव्या संचालकांनी पहिला तुकडा स्वतः लावला, कॅन्टीनमधल्या भाकरीचा. तो लावल्या लावल्या तुटला आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ते मला म्हणाले, "मॅडम, मशीन आलं तरी माणसाची जीभ लागतेच. जुनी चव समिती परत सुरू करू. सहा विद्यार्थ्यांची जाहिरात काढा. आणि या महिन्याच्या कर्मचारी वार्तेत त्या समितीबद्दल चार ओळी टाका की. तेव्हा भाकरी कोण करायचं?" मी म्हटलं, बघते सर.

माझं काम आता हेच असतं. विद्यार्थ्यांच्या कामाच्या जाहिराती मी काढते : बियाणं निवडायला दोघं, पर्जन्यमापक बघायला एक, शिवारात पाट्या लावायला चौघं. आणि महिन्याच्या महिन्याला कर्मचारी वार्तेची दोन पानं. कोण रुजू झालं, कोण निवृत्त झालं, कुणाच्या मुलीला वैद्यकीयला प्रवेश मिळाला, कोण गेलं. वाचतं कोण म्हणाल तर सगळे वाचतात, आणि शेवटून वाचतात, म्हणजे आधी निधन वार्ता आणि मग बाकीचं. इतक्या वर्षांत मी किती माणसं दोन-दोन ओळींत बसवली याचा हिशेब नाही. हाताला सवय झालीये. तुमच्या चार ओळी काही बसेनात, म्हणून जेवणाच्या सुट्टीत दार लावून हे लिहायला घेतलं.

चव समितीची तेव्हाची खोली बीजगोदामाच्या मागं होती. दोन शेगड्या, दोन तवे, पीठ मळायची तुमची काटवट, पीठ तोलायचा काटा आणि पाणी मोजायचं काचेचं नळकांडं. तुम्ही मैंदर्गीहून सकाळच्या एसटीनं यायचात, केंद्रात अकरा वर्षं रोजंदारीवर होतात आणि कायम करायची फाईल कुठल्या तरी टेबलावर पुढं सरकतीये असं सगळे म्हणायचे. मी कमवा-शिकामधली पहिल्या वर्षाची पोरगी, उजनीच्या पाणलोटाकडच्या गावातली. मला वाटलं होतं झाडू मारायचं काम मिळेल, मिळालं भाकरी खायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता आम्ही सहाजण बाकावर बसायचो. पुढ्यात पाव-पाव भाकरी, प्रत्येकीखाली नंबर. प्रत्येक नंबर म्हणजे ज्वारीचा एक नवा वाण, त्याचं नाव कुणाला सांगायचं नाही. रंग, वास, मऊपणा, चव, प्रत्येकाला नवापैकी गुण. ज्या नंबरला पाचाच्या खाली गुण मिळतील तो नंबर पुढच्या खेपेपासून बाद.

खोलीत शिरायच्या आधी तुम्ही दारात उभ्या असायचात, हातात कागद. चव घेणाऱ्याचं दोन तास आधी जेवण झालेलं पाहिजे असा नियम आहे, आणि ते विचारून खूण करायचं काम तुमच्याकडं. ते वाण तयार करणारे सर म्हणायचे, मराठीत विचारा. तुमच्या तोंडात मात्र कन्नडच यायचं. "ऊटा आतेनु?" जेवण झालं का? आम्ही एकेकजण म्हणायचो, "झालं की, अक्का." तुम्ही खूण करायचात. कुणाचं काय झालेलं असायचं? मी मेसमध्ये एकाच वेळचं जेवण लावलेलं, तेही संध्याकाळचं. सकाळी चहा, तोही कधी कधी. बाकीच्या पाचांचं थोड्याफार फरकानं तसंच. गुणांचे कागद जमा झाले की उरलेल्या भाकरी आमच्या, आणि तुम्ही घरून आणलेली शेंगाची चटणी. एकदा तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलंत. "ए पोरी, चावून तरी नंबर दे की गं! नुसती गिळतीस. भाकरीला बी जरा मान हाय का न्हाय?" सगळे फिदीफिदी हसले. मला इतका राग आला की त्या दिवशी मी चटणी घेतली नाही. शुक्रवारी घेतली.

दिवाळीपर्यंत वीस नंबरांतले चारच उरले. मी गणित घातलं. चार संपले की समिती संपली, आणि मंगळवार-शुक्रवारही संपले. त्यात चौदा नंबर म्हणजे सरांचा जीव की प्राण. शेतात ताट माणसाच्या डोक्यावर, कणीस भरलेलं, उत्पन्न भरपूर. पण पिठाला विरी नव्हती. म्हणजे चिकटपणाच नाही, थापायला घेतलं की कडा फुटायच्या, उचलली की मधून दोन तुकडे. मला आठवतं, तुम्ही पिठाच्या हातानंच सरांच्या टेबलापुढं जाऊन उभ्या राहिलात. "सर, ह्या चौदाला विरी न्हाय बघा. आदण घातलं तर जुळंल, पण तुमी कोमट पाणी मोजून घाला म्हंतासा. मोजून घातलं की फुटतीया." सर मान वर न करता म्हणाले, "तुम्ही फक्त करा. मत विद्यार्थी देतील." तुम्ही परत आलात आणि मोजूनच पाणी घातलंत. मी बघत होते. उकळतं पाणी घालून ती भाकरी सावरणं तुम्हाला अगदी डाव्या हातचं होतं, पण तुम्ही ते एकदाही केलं नाही.

त्या दिवशी हॉस्टेलला जाताना मी बाकीच्या पाचांना सांगितलं, चौदाला पाचाच्या खाली जाऊ द्यायचं नाही. कुणी का म्हणून विचारलं नाही. तुटक्या भाकरीला आम्ही सात दिले, आठ दिले. एकदा मी मऊपणाला नऊ दिले आणि मला माझंच हसू आलं. मार्चपर्यंत आम्ही खाल्लं. सर आमचे कागद बघून खूश, संचालकांना दाखवत फिरत होते.

पुढच्या हंगामात ते बियाणं गावोगाव चाचणीला दिलं. त्यात तुमची मैंदर्गी पण होती. पीक जोमात आलं. दळून आणलं आणि मग बायांनी जे केलं ते केंद्रात अजून सांगतात. सात-आठजणी एसटीनं आल्या, फडक्यात भाकरीचे तुकडे बांधून, आणि गाठोडं संचालकांच्या टेबलावर सोडलं. त्यातली एक तुमच्याच गल्लीतली. ती तुमच्याकडं बघून म्हणाली, "अक्का, तुमी हितं असून असलं बियानं आमाला देऊ दिलं व्हय?" तुमचा चेहरा त्या वेळी कसा झाला होता ते मला लिहिता येत नाही, मी दुसरीकडं बघत होते.

मग चौकशी. आमचे गुण चांगले आणि भाकरी वाईट, म्हणजे करणारीनं गडबड केली असणार, असं ठरायला वेळ लागला नाही. अक्कांनी आदण वापरलं, असं सर म्हणाले. तुम्ही म्हणालात, "मोजून दिल्यालंच पानी घातलं मी. इस्वास नसंल तर पोरांना इचारा की." तुम्हीच सांगितलंत पोरांना विचारा म्हणून. सरांनी मला बोलावलं, तुमच्यासमोर. "तू दर वेळी पुढच्या बाकावर असायचीस. यांनी उकळतं पाणी घातलं का?" घातलं नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग गुण इतके कसे? तो प्रश्न मला आधीच ऐकू आला. मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं, सर." एवढंच म्हणाले. तुमच्यावर आळ घेतला नाही, अशी मी स्वतःची समजूत पुढं बरीच वर्षं घालत होते. समजूत पटायची पण.

तुमच्या नावावर हलगर्जीपणाचा ठपका आला, कायम करायची फाईल परत आली आणि तुम्हाला गोदामात पोती शिवायला पाठवलं. काटवट तेवढी तुम्ही घरी नेलीत. मला मात्र पुढच्या वर्षी शिवारातलं काम मिळालं, मग प्रयोगशाळेतलं, मग नोकरी. गोदामाच्या दारातून जाताना तुम्ही हाक मारायचात आणि दर संक्रांतीला शेंगाच्या चटणीची पुडी हातात द्यायचात. "घे गं. हॉस्टेलचं काय खातीस." मी हॉस्टेल सोडून चार वर्षं झाल्यावरही तेच. तुम्हाला काही कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकतीच या टेबलावर आले होते. माझी पहिली निधन वार्ता तुमची होती : "बीजगोदामातील रोजंदारी कर्मचारी … यांचे अल्प आजाराने निधन." भाकरीचा शब्दही मी त्यात येऊ दिला नव्हता.

हे इथवर लिहून झालं आणि मग त्या चार ओळी मी लिहिल्या. तुमचं नाव लिहिलं, भाकरी तुम्ही करायचात हे लिहिलं आणि शेवटी लिहिलं की चौदा नंबरवरून यांच्यावर आलेला ठपका चुकीचा होता, गुण देताना विद्यार्थ्यांकडून चूक झाली होती. संचालकांनी वाचून चष्मा काढला. "याला आधार काय, मॅडम?" मी म्हटलं, मला माहीत आहे. "कुठले विद्यार्थी?" आणि अक्का, माझ्या तोंडून काय निघावं? "फार वर्षं झाली सर, आता कुठं आठवतंय." इतकं सहज निघालं की मीच दचकले. ते म्हणाले, मग ही ओळ काढून टाका, आधार नसताना छापता येणार नाही. त्यांचं काही चुकलं नाही.

मला निवृत्तीला सात महिने आहेत. कोण काय करणार आहे माझं? कार्यालयात दोन दिवस कुजबूज होईल, कॅन्टीनमधला पोरगा बाईसाहेब म्हणायच्या ऐवजी चौदा नंबर म्हणेल. एवढं सगळं कळत असूनही पेन हातात घेऊन अर्धा तास बसले. शेवटी ती ओळ काढली नाही, तिच्यापुढं लिहिलं, "त्यांपैकी एक मी," आणि खाली नाव लिहून सही केली. विद्यार्थ्यांच्या जाहिरातीतही एक वाक्य वाढवलं : निवडलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीच्या दोन तास आधी केंद्रातर्फे जेवण दिले जाईल. शिपाई दोन्ही कागद आत्ताच घेऊन गेला. जाताना त्यानं दार उघडं टाकलं आणि मला वाटलं त्याला परत हाक मारावी. मारली नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. मैंदर्गीला तुमचं घर होतं तिथं आता तुमच्या पुतण्याचं दुकान आहे, आणि तो मला ओळखत नाही. कपाटात ठेवीन, तुमच्या पुड्यांचे कागद मी जिथं ठेवलेत तिथंच. फक्त एक राहिलं. दारात उभं राहून तुम्ही वर्षभर एकच गोष्ट विचारायचात, आणि मी दर वेळी "झालं की" म्हणायची.

नव्हतं झालं, अक्का. एकदाही नव्हतं.