तंबाखूवरची पांढरी धूळ

निपाणी, ६ जुलै १९३६
वखारीत तीन पोत्यांवर पांढरा बुरा. भरताना तंबाखूवर जरा पाणी मारलं होतं. वजनाला सगळेच मारतात, त्याचा संबंध नाही. हवेचा दोष. १९ तारखेला पुण्याचे विडीवाले शेठ माल बघणार. वर्षाचा सगळा माल इथंच. नापास केला तर दुकानाला कुलूप. करणार नाहीत. गॅरंटी.

७ जुलै
राजमती म्हणाली, तीन पोती उचला आणि लांब नेऊन पुरा. बायको चांगली आहे, पण धंदा कळत नाही.

८ जुलै
शेतकी खात्याचे मारुतीराव भिंग घेऊन आले. म्हणाले, बुरशीच्या ह्या कणांना कोनिडिया म्हणतात. नर नाही, मादी नाही, तरी पोरंच पोरं. भरमू हमाल म्हणाला, लई बेस की, हुंडा न्हाय, मानपान न्हाय. मी नावाचा अर्थ विचारला. ग्रीक भाषेत कोनिस म्हणजे धूळ. पुढं ते बरंच बोलले, पण मुद्दा मला कळला होता. धुळीला झाडू पुरतो!

९ जुलै
तिन्ही पोती ओतून सुपानं उपणली, झाडूनं झटकली. बाहेर पाऊस, म्हणून दारं बंद. भरमू खोकत म्हणाला, मालक, दार बंद हाय, मग धूळ गेली कुठं? हमालांनी फार विचार करू नये.
शेजारच्या वखारीचे भुजबली अण्णा मुकादमाला सांगत होते, बाजूला धूळवड चाललीया, खिडक्या लावा रं. माझे कान तिखट. जळतात लेकाचे.

१६ जुलै
बुरा सगळ्या पोत्यांवर. तुळयांवरसुद्धा. पुन्हा झाडलं. वाढला.

१७ जुलै
मारुतीराव म्हणाले, धूळ नुसती नावाला. एकेक कण म्हणजे बी. पाणी तुम्हीच दिलंत, पेरणीही तुम्हीच केलीत. मी विचारलं, मग त्याच दिवशी का नाही सांगितलं? सांगतच होतो, म्हणाले. सरकारी माणूस, जबाबदारी घेईल तर शपथ.

१८ जुलै
राजमती म्हणते, शेठना तार करा, येऊ नका म्हणून. मुळीच नाही. धूप जाळला की वास जाईल. जेवण गेलं नाही. हवेचा दोष.

१९ जुलै
शेठ दारातच शिंकले. आत आलेच नाहीत. भुजबली अण्णांकडं चहाला गेले ते संध्याकाळपर्यंत तिथंच. त्यांच्या वखारीतून वजनकाट्याचा आवाज येत होता.

२० जुलै
दुकानाला कुलूप लावलं. तात्पुरतं.
भुजबली अण्णा घरी आले. म्हणाले, पद्मराज, मनाला लावून घेऊ नकोस रं. आमच्यात झाडलोटीला माणूस पायजे, आणि तुझा हात बघितलाय.
केवढा अपमान! विचार करून कळवतो म्हणालो. सकाळी किती वाजता यायचं, तेवढं विचारून घेतलं.