कोपऱ्यांचे चार झेंडे

रविवार, ४ मे १९३०
घरासमोरच्या मैदानावर आज फुटबॉलची मॅच. ह्यांची गिरणी विरुद्ध रेल्वेवाले. हे गोलवर. सकाळी उठून म्हणतात, "कोपऱ्यांना झेंडे हवेत, आजच." आधी सांगतील तर शपथ. एका रंगाचं कापड पुरेना. गिरणीच्या तुकड्यांतून पांढरी, हिरवी, तांबडी पट्टी जोडून चार शिवले. उरल्या तुकड्यांचं बाळाला दुपटं.

मॅच बरोबरीत. सासूबाईंचं ह्यांना नेहमीचं: "प्लेगात तिथं रोग्यांच्या झोपड्या होत्या. तुझे वडील तिथंच गेले. तिथं कसलं नाचता?" हे म्हणाले, "मग तिथं सर्कस बघायला कशी आलीस, आई?"

शुक्र. ९ मे
काल गावात पोलिसांनी लोकांवर गोळीबार केला. कोर्टाच्या बाजूनं धूर. गिरणी बंद. हे घरात, दाराला आडणा.

मंगळ. १३ मे
लष्करी कायदा लागला. मैदानावर तंबू, लॉऱ्या, गोरे सोजीर. पांढरी टोपी दिसली की मारतात. काँग्रेसचा तिरंगी झेंडा, पांढरा-हिरवा-तांबडा, सापडला तर तुरुंग. हे टोपी काढून उघड्या डोक्यानं बसलेत. सासूबाई म्हणाल्या, "सुतक आहे का घरात?"

जेवताना माझ्या एकदम ध्यानात आलं. विचारलं, झेंडे कुठं ठेवलेत?
"मैदानावरच्या खोलीत. बॉलपाशी."
त्या खोलीत आता सोजीर राहतात. रंगांची आठवण करून दिली तेव्हा ह्यांच्या हातातला घास ताटात पडला. शिवताना माझ्या मनातसुद्धा नव्हतं. पण ते ऐकून कोण घेणार?

गुरु. १५ मे
मैदानाचा रखवालदार मलप्पा आला. "बाई, खोलीतलं समदं भाईर फेकलंय की. जाळी, चुन्याची बादली, समदं."
आणि झेंडे?
"न्हाई दिसलं."
हे म्हणतात, आपणहून जाऊन सांगतो. मी म्हटलं, काय सांगणार? बायकोनं शिवले म्हणून? मग मला नेतील, बाळ अंगावर पितंय. गेले नाहीत.
मागच्या गल्लीतल्या एकाला झेंड्यापायी नेलं, अजून पत्ता नाही. मला फार भीती वाटते. सासूबाईंना सांगता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

रवि. १८ मे
माळवदावर कुरडया घालत होते. सासूबाई म्हणाल्या, "ते बघ, तेही नाचायला लागले."
बघते तर तंबू बाजूला सारून सोजीर फुटबॉल खेळतायत, आणि चारी कोपऱ्यांवर माझे झेंडे. गावात ज्यांच्यासाठी माणसं धरतात तेच लावून सोजीर खेळतात. हसू आलं, मग पटकन खाली बसले. गोऱ्यांना नसेल कळलं. आपल्यातलं कुणी ओळखलं तर?
हे कठड्याआडून बघत होते. म्हणाले, "त्यांचा गोलकीपर फार पुढं येतो गं." थोबाडीत द्यावीशी वाटली.

सोम. १९ मे
हवालदार आला, आपल्याकडचाच. साहेबांना गोलवर माणूस हवा, मलप्पानं ह्यांचं नाव सांगितलं. उद्या चारला मैदानावर यायचं. नाही म्हणायची सोय नाही.
निघताना अंगणातल्या दोरीपाशी थांबला. बाळाचं दुपटं वाळत होतं. पांढरं, हिरवं, तांबडं. बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "वहिनी, हे आत घ्या."
एवढंच. सावध केलं की दम दिला, काही कळेना. दुपटं चुलीत घातलं. सासूबाई ओरडल्या, नवं कोरं जाळलंस. त्यांना काय सांगू?

मंगळ. २० मे
हे चारला गेले. उघड्या डोक्यानं. जाताना बाळाच्या गालाला हात लावला, माझ्याकडे बघितलं नाही.

माळवदावर गेले. हे गोलमध्ये उभे. चारी कोपरे मोकळे, नुसत्या काठ्या. झेंडे कुणी काढले? हवालदारानं पुरून टाकले, की साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवले?
ह्यांनी दोन गोल अडवले. सोजीर टाळ्या वाजवत होते. मॅच संपली. एकानं ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्या तंबूत नेलं. हवालदार मागोमाग गेला.

दिवेलागण झाली. आता रस्त्यावर दिसेल त्याला धरायचा हुकूम आहे. मैदानावर कंदील लागले. मोठ्या तंबूच्या दाराचा पडदा अजून खालीच आहे.
सासूबाई विचारतात, त्याच्या वाटचा भात शिजत टाकू का?
टाका, म्हटलं.